ऊन चढल्यावर निघणारी वैशालीताई

कुणी वैशालीताईला नवी सायकल दाखवायला आणली, की ती आधी सायकलकडं बघायचीच नाही. माणसाच्या बुटांकडं बघायची. माती लागली आहे का, लागली असेल तर कुठली आहे, टाच कुठल्या बाजूनं झिजली आहे. मग विचारायची, "कुठं जाता हिच्यावर?"

"डोंगरात," समोरचा म्हणायचा.

"कुठल्या?"

"असंच, सगळीकडं."

"सगळीकडं कुणीच जात नाही. मागच्या रविवारी कुठं गेला होतात ते सांगा."

इथं बहुतेकांची बोलती बंद व्हायची, कारण मागच्या रविवारी ते कुठंच गेलेले नसायचे. वैशालीताई हसायची नाही. "मग आधी पुढच्या रविवारी कुठंतरी जाऊन या. आहे त्या सायकलवर जा. परत आल्यावर काय दुखतंय ते मला सांगा. जे दुखेल त्यावरून नवी सायकल ठरवू."

मीही त्यातलीच एक. मूळची लातूरकडची, लग्नानंतर पुनावळ्यात आले आणि चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात लागले. दुचाकींचे शॉक ॲबसॉर्बर बनवणारी कंपनी. वैशाली गायकवाड तिथल्या टेस्टिंग लॅबमध्ये होती. तिच्या मशीनवर एकेक शॉक दिवसच्या दिवस खालीवर दाबला जायचा आणि तो कधी दमतो ते बघणं हे तिचं काम. नव्यानं आलेल्या मुलांना ती सांगायची, "लोखंड दमतं, हे आधी मान्य करायचं. मग ते कधी दमेल हे विचारायचं."

एकदा कँटीनमध्ये जेवताना मी मोबाईलवर सायकली बघत बसले होते. ताथवड्याच्या मागच्या टेकडीवर सकाळी सायकलवाले दिसायचे, त्यांच्यासारखं आपणही जावं असं मनात होतं. पुढं शॉक, मागं शॉक, जांभळा रंग, अशी एक मला फार आवडली होती. वैशालीताई समोर डबा उघडून बसली. मोबाईलकडं बघून म्हणाली, "छान आहे. बुटांचा नंबर काय तुमचा?"

त्या रविवारी ती पिंपरीहून बस बदलत बदलत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली. शेजाऱ्यांची सायकल मागून घेतली, मला तिच्यावर उभं केलं, बसवलं, हात कुठवर पोचतात ते पाहिलं. मग म्हणाली, "मागं शॉक नसलेली घे. त्या शॉकचं वजन तू चढावर वाहशील आणि उतारावर ब्रेक धरून बसशील. मग त्याचा उपयोग कुणाला?"

मला राग आला होता. पण घेतली ती तिनं सांगितलेलीच.

त्या दिवशी तिला बसथांब्यावर सोडताना मी सहज म्हटलं, "ताई, तुम्ही एवढी सायकल चालवता, मग स्कूटर का नाही घेत? कंपनीच्या बससाठी किती ताटकळता."

"रस्त्यावर फार माणसं असतात," ती म्हणाली. मला ते उत्तर विचित्र वाटलं. डोंगराचे कडे चालतात आणि स्पाइन रोड चालत नाही, असं कसं? पण आमची ओळख तेव्हा तेवढी नव्हती.

ओळख झाली ती रविवारांमुळं. ती, मी आणि पडवळ. पडवळ आमच्याच कंपनीत मशीनवर होता. महाळुंग्याच्या पलीकडचा, ज्यांच्या जमिनी कारखान्यांत गेल्या त्या घरातला. त्याची सायकल जुनी आणि जड होती आणि त्याला तिच्याबद्दल काडीची तक्रार नव्हती. वाटा मात्र त्याला पाठ. "ह्या वाटा काय कुणी आखल्या न्हाईत, मॅडम. आमच्या शेरडांनी पाडल्यात. शेरडू जिथनं गेलं तिथनं सायकल जाती."

"आणि जिथून शेळी नाही गेली?" मी विचारलं.

"तिथनं आपुन पण जायचं न्हाई."

हे वाक्य वैशालीताईला इतकं आवडलं, की लॅबमध्येही ती ते वापरायची.

बाकीच्या टोळ्या झुंजुमुंजू असतानाच निघायच्या, उन्हाच्या आधी परतायचं म्हणून. वैशालीताईचं उलटं. "ऊन चढू दे," म्हणायची. पायथ्याच्या टपरीवर आम्ही चहा पीत बसायचो आणि ती डोंगराकडं बघत राहायची. पहिल्या खडकावर नीट ऊन आलं की उठायची. लोक परतताना आम्हाला भेटायचे, चेष्टा करायचे. "मॅडम, आत्ता निघालात? जेवण करूनच यायचं ना."

"जेवण वर आहे," म्हणून ती पुढं जायची.

उतरताना ती फार सुंदर दिसायची. वेगात नसायची. पडवळ तिच्यापेक्षा वेडावाकडा आणि जोरात उतरायचा. ती सीटवरून उठून पेडलवर उभी राहायची, कोपरं बाहेर काढून, आणि मान सारखी फिरवत राहायची, घार फिरवते तशी. डावीकडं, उजवीकडं, खाली, पुढं. मला वाटायचं ही निसर्ग बघते.

मी कंपनीत लागल्यानंतर दुसऱ्या दिवाळीच्या सुमाराला तिनं स्वतःसाठी सायकल घ्यायचं काढलं. तिच्याकडची जुनी सायकल वडिलांच्या हयातीतली होती. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात आयुष्यभर राबलेले. रोज काळ्या सायकलवरून कामाला जायचे आणि सुट्टीच्या दिवशी तिची चाकं काढून अंगणात पसरायचे. पोरगी शेजारी बसून छर्रे रॉकेलमध्ये धुवायची. ते गेले तरी तिचं रविवारी हात काळे करणं सुटलं नाही.

त्या दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत आम्ही दुकानं पालथी घातली. मला आधी कळेचना ती काय शोधते आहे. डोंगरातल्या सायकलींचे प्रकार मला तिनंच सांगितले होते. एक पळणारी असते, हलकी, चढाला सरसर जाते पण उताराला धडधडवते. एक नुसत्या उतारासाठी असते, जाडजूड, ती वर न्यायची तर टेम्पो हवा. आणि या दोघींच्या मधली, जिला ऑल-माउंटन म्हणतात. दिवसभर स्वतःच्या पायांनी चढायचं आणि शेवटी दमलेल्या हातांनी, खडकांतून उतरायचं, तर ही. "चढावर रडवते थोडी," ती म्हणायची, "पण उतारावर आईसारखी धरते."

ती हीच घेणार हे ठरलं होतं. पण त्यातली कुठली, यावर महिने गेले. दुकानदार गिअर सांगायचा, वजन सांगायचा, रंग दाखवायचा. ती म्हणायची, "एक चक्कर मारू द्या." चक्कर मारून आली की सायकल भिंतीला टेकवायची आणि पुढचीकडं वळायची.

बाणेरच्या एका दुकानात अशी एक सायकल होती की मीसुद्धा तिच्या प्रेमात पडले. वैशालीताई फिरवून आली आणि म्हणाली, "ही फार हुशार आहे."

दुकानदार खूश झाला. "हो ना मॅडम. हँडल नुसतं हलवलं की वळते."

"तेच म्हणते मी. मला जरा मंद हवी. माझं चुकलं तर हिनं लगेच ऐकायला नको. थोडा वेळ द्यायला हवा मला."

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मीही गोंधळले. तिच्यासारखी चालवणारी बाई चुकेल कशाला?

शेवटी मिळाली ती लांबलचक, राखाडी, पुढचं चाक बरंच पुढं काढलेली, टायर जाड. उभी केली की एखाद्या म्हशीसारखी शांत. दुकानदार प्रामाणिक होता, तो म्हणाला, "मॅडम, ही वळायला वेळ घेते. बरेच जण परत करतात." वैशालीताईनं हँडलवर हात ठेवला आणि म्हणाली, "हीच."

मग सुरू झालं ते तिला लावून घेणं. पिंपरीत रेल्वेलाइनच्या अलीकडं त्यांचं घर, खाली दोन खोल्या आणि वर पत्र्याची शेड असलेली गच्ची. खाली भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी वडिलांचा, आणि गच्चीवर आईचे वाळवणाचे कपडे बाजूला सारून उभी केलेली सायकल. बरेच रविवार आम्ही तिथं काढले.

आधी शॉकमधली हवा. तिच्याकडं एक लहानसा पंप होता. शॉकच्या दांड्यावर रबराची एक बारीक रिंग असते, ती खाली सरकवायची, सायकलवर बसायचं, अलगद उतरायचं. रिंग जिथं थांबली असेल तिथपर्यंत शॉक तुमच्या वजनानं दबला. फार दबला तर हवा वाढवा, कमी दबला तर सोडा. मी म्हटलं, "झालं की मग, बस."

"अशी नाही. आधी हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी, पाठीवर सामान. घरच्या कपड्यांत मोजलंस, तर डोंगरावर वेगळीच बाई बसलेली असते."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा दुसरा नियम. हवा बदलली की खाली गल्लीत जाऊन यायचं. गल्लीत एक गतिरोधक होता, गटाराचं एक वर आलेलं झाकण होतं, उखडलेले ब्लॉक होते. तेवढ्यावरून फिरून यायचं आणि गप्प बसायचं थोडा वेळ. मग शॉक दबल्यावर किती लवकर वर येतो, ते लावायचं. फार लवकर आला तर सायकल घोड्यासारखी उधळते, फार सावकाश आला तर खड्ड्यामागून खड्डे आले की ती बसतच जाते. मग पुन्हा गल्ली. मग टायरमधली हवा, आणि पुन्हा गल्ली. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "वैशे, सायकल बिघडली का गं?"

तिची आई पायरीवर लसूण सोलत बसलेली असायची. एकदा ती मला म्हणाली, "हिला बघायला आले होते ना, त्यांनीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती."

"म्हणूनच नाही जमलं," वरून उत्तर आलं.

ब्रेक लावून घ्यायची तिची पद्धत मात्र वेगळी होती. सायकलवर उभी राहून ती डोळे मिटायची, दोन्ही हात सैल सोडायची आणि मग एकदम हँडलवर ठेवायची. बोटं जिथं पडतील तिथं ब्रेकची दांडी असली पाहिजे. नसली तर उतरायचं, स्क्रू सैल करायचा, दांडी थोडी सरकवायची, पुन्हा डोळे मिटायचे. गिअरचं बटण, सीट खाली घेण्याचा खटका, सगळं असंच. आईच्या हातातला लसूण थांबला. ती उठून खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही.

त्या पावसाळ्यानंतरचे महिने मला आता सगळ्यांत जास्त आठवतात. डोंगर हिरवा होता, वाटा घट्ट झाल्या होत्या. माथ्यावरून एका बाजूला कारखान्यांच्या निळ्या पत्र्यांचा समुद्र दिसायचा, कंटेनरच्या रांगा दिसायच्या आणि दुसऱ्या बाजूला नुसतं गवत. तिथं बसून आम्ही डबे उघडायचो. पडवळ भाकरी आणि खरडा आणायचा, वैशालीताईच्या डब्यात सुकट असायची, माझ्या डब्यात नेहमीचीच भाजी-पोळी. ती सायकल गवतात आडवी ठेवून तिच्या चाकाला पाठ टेकायची. तिच्या चेहऱ्यावर अशी तृप्ती मी इतर कुठं पाहिली नाही. आमची कंपनी, तिथले तगादे, ओव्हरटाइम, सगळं त्या निळ्या पत्र्यांखाली राहिलेलं असायचं.

एका रविवारी आम्ही घोराडेश्वराच्या बाजूला गेलो होतो. उघड्या माळावरून वाट झाडीत शिरते तिथं वैशालीताई एकदम थांबली. मी जवळजवळ तिच्यावर आदळले.

"काय झालं?"

"काही नाही. डोळे यायचेत अजून."

मी हसले. मग लक्षात आलं, ती गंमत करत नाही. ती सावलीच्या कडेला उभी राहून नजर अंधाराला सरावायची वाट बघत होती, जशी टपरीवर उन्हाची बघायची. पडवळ पुढं निघून गेला होता. सायकलवर हात ठेवून तिनं मला सांगितलं, अगदी लॅबचा रिपोर्ट सांगावा तसं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. तिच्या मामाला होता. आधी अंधारातलं जातं, मग कडेचं जातं, मग बघण्याची खिडकी बारीक होत होत जाते. औषध नाही. कॉलेजात असतानाच कळलं होतं.

"म्हणून स्कूटर नाही?"

"म्हणून स्कूटर नाही. म्हणून उन्हात निघते. म्हणून मान फिरवते. तुला वाटत असेल मी पाखरं बघते."

मी म्हटलं, "मग ही सायकल आत्ता कशाला घेतलीस?"

"आत्ता नाही तर कधी?" ती म्हणाली. "किती वर्षं आहेत ते डॉक्टरांनाही माहीत नाही. पण जेवढी आहेत त्यांच्यासाठी मला अशी सायकल हवी होती, की एखादा दगड मला दिसला नाही तरी तिनं तो खाऊन टाकावा. पळणारी घेतली असती तर एकच वर्ष चालवली असती."

तिनं पुन्हा झाडीत नीट डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "चल. आले डोळे." आणि झाडीत शिरली.

मी तिच्या मागून गेले. पुढं कुठं वळतं, कुठं मूळ आडवं आहे, मी मागून ओरडून सांगू लागले. खाली उतरल्यावर तिनं मला शांतपणे सांगितलं, "सुरेखा, पुन्हा असं करू नकोस. तू सांगत होतीस तेव्हा मला टायरचा आवाज ऐकू येत नव्हता."

पडवळला मी काही सांगितलं नाही. पण तो डोंगरातला माणूस, त्याला आधीच कळलं असावं. त्यानंतर तो कधी फार पुढं गेला नाही. दर वळणाशी काहीतरी निमित्त काढून थांबलेला असायचा. कधी चेन उतरलेली, कधी बुटाची नाडी सुटलेली.

असं अजून दीड-दोन वर्षं चाललं. तिची खिडकी बारीक होत होती, ते मला कँटीनमध्ये दिसायचं. शेजारी ठेवलेला पाण्याचा ग्लास तिला हातानं शोधावा लागायचा. डोंगरावर मात्र ती तशीच होती. वाटा कमी केल्या होत्या तिनं, दोन-तीनच ठेवल्या, पण त्या इतक्यांदा केल्या होत्या की तिच्या पायांना पाठ होत्या.

त्यातल्याच एका वाटेवर ते झालं. पडवळच्या गावाकडचा उतार, शेवटचा, सोपा. ऊन लख्ख होतं. ती पुढं होती, मी मागं. वाटेच्या कडेला एक म्हातारी सरपणाची मोळी खाली टेकवून, तिला धरून कंबर सरळ करत उभी होती. मला ती लांबून दिसली. वैशालीताईलाही दिसली असणारच, असं मी धरून चालले. तिनं मान फिरवली, पण त्या क्षणी म्हातारी नेमकी तिच्या बघण्याच्या बाहेर होती. हँडलचं टोक मोळीला लागलं. मोळी फिरली आणि तिच्यासोबत म्हातारी गवतात बसली.

तिला लागलं नव्हतं. हातावर खरचटलं होतं, ते काटक्यांनी. पडवळ धावत आला, त्याच्या नात्यातलीच निघाली ती. "अगं मावशे, उठ," म्हणून त्यानं हात दिला. म्हातारी लुगडं झटकत म्हणाली, "मला काय न्हाई झालं. ह्या बाईला बघा, तीच पांढरी पडलीया."

वैशालीताई गवतात गुडघ्यांवर बसली होती. म्हाताऱ्या बाईचा हात तिनं दोन्ही हातांत धरला होता आणि बोटांनी तो मनगटापासून कोपरापर्यंत चाचपत होती, हाड शाबूत आहे ना ते बघत.

"मला दिसला नाहीत तुम्ही, आजी," ती म्हणाली.

"व्हय गं. मी हाय तरी केवढी."

मोळी तिनं स्वतः उचलून सायकलच्या सीटवर आडवी ठेवली आणि म्हातारीच्या घरापर्यंत ढकलत नेली. घरात चहा झाला. म्हातारीनं तिला गावाकडच्या दोन-चार गोष्टी सांगितल्या, सून कशी आहे, म्हैस कशी आहे. वैशालीताई सगळं ऐकत होती. बाहेर आल्यावर तिनं हेल्मेट डोक्यावरून काढलं आणि हँडलला अडकवलं.

"झालं," ती म्हणाली.

पडवळ म्हणाला, "मॅडम, असं व्हतं कधीमधी. मी तर दोनदा कुंपणात घुसलोय."

"कुंपणात मीही घुसेन, पडवळ. माझं मी पडायचं, तर हवं तिथं पडेन. पण वाटेवर दुसरी माणसं चालतात."

गावापासून हायवेपर्यंत ती सायकल हातात धरून चालत गेली. आम्हीही उतरून चाललो. त्यानंतर ती त्या सायकलवर कधी बसली नाही.

मला वाटलं होतं ती खचेल. ती रडली असेलही, माझ्यासमोर नाही. कंपनीत मात्र तिनं सगळं उघड सांगितलं आणि दिसतंय तोवर पुढची तयारी करायची ठरवली. नागपूरला तिचा धाकटा भाऊ होता. तिथं डोळ्यांविना संगणकावर काम करायला शिकवणारा एक वर्ग होता. "पूर्ण गेल्यावर शिकण्यापेक्षा आत्ता शिकलेलं बरं," म्हणाली. आईलाही सोबत नेणार होती. पिंपरीचं घर भाड्यानं जाणार होतं.

आणि सायकल विकायची होती.

मी तिच्या घरी गेले आणि म्हटलं, "ताई, मला दे ती."

तिनं मला गच्चीवर नेलं. "उभी राहा हिच्यावर." मी उभी राहिले. माझे पाय टेकले, पण कसेबसे. हात हँडलपर्यंत पोचायला मला वाकावं लागत होतं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, जसा पहिल्या दिवशी पार्किंगमध्ये फिरवला होता.

"मोठी होते तुला."

"सीट खाली घेऊ. हँडल जवळ आणू."

"सुरेखा, ही मोठी होते तुला."

"मला चालवायची नाही फार. राहू दे माझ्याकडं. तुझी आहे म्हणून."

ती माझ्याकडं बघत होती. म्हणजे नीट समोर येऊन, तिच्या खिडकीत मला धरून बघत होती. मग म्हणाली, "आठवण म्हणून सायकल घेऊ नये. पाठ दुखते."

मी हसले आणि मग मला रडू आलं. तिनं रडू दिलं. पाणी आणून दिलं, पण मत बदललं नाही.

सायकल घ्यायला आला तो ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा उंच मुलगा, कोकणातला, लाजरा. तिनं आधी त्याच्या बुटांकडं बघितलं, त्यासाठी तिला बरंच वाकावं लागलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "मॅडम, मागच्या रविवारी राजमाचीच्या वाटेनं गेलेलो. हात इतके दुखले की दोन दिवस खडू धरता नाही आला." तिला ते उत्तर पसंत पडलं.

मग तिनं सायकल त्याला लावून द्यायला घेतली. मी शेजारी बसून होते. आधी तिनं शॉकमधली हवा सोडली. फुस्स असा लांब आवाज झाला. ज्या हवेसाठी तिनं कितीतरी रविवार गल्लीत फेऱ्या मारल्या होत्या, ती गेली. मग त्याला बूट, हेल्मेट, पाठीवर सामान घालून बसवलं आणि त्याच्या वजनाची हवा भरली. ब्रेकच्या दांड्या तिच्या बोटांना होत्या तिथून हलवून त्याच्या बोटांना आणल्या. सीट वर घेतली. एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक वेळी तो मुलगा गल्लीत जाऊन यायचा. गतिरोधक, गटाराचं झाकण, ब्लॉक. ती कठड्याला टेकून कान देऊन ऐकायची आणि तो वर आला की सांगायची, "शॉक अजून जरा सावकाश वर यायला हवा," किंवा, "आता बरं आहे."

दुपार झाली. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, आता ही माझीच वाटते."

"मग न्या," ती म्हणाली.

तो जिना उतरला. आईनं त्याला कोकम सरबत दिलं, "तुमच्याकडं असंच करतात का बघ," म्हणाली. त्यानं सायकल गल्लीतून चालवत नेली तेव्हा वैशालीताई कठड्याशीच उभी होती. टायरचा आवाज बाजाराच्या गोंगाटात मिसळेपर्यंत ती हलली नाही. मग हात पुसायचा फडका पिळून दोरीवर टाकला आणि मला म्हणाली, "चांगल्या घरी पडली."

त्या घटनेला आता बराच काळ झाला. फोन होतात आमचे. वर्ग संपवून ती आता एका कार्यालयात काम करते, तिची पत्रं मशीन तिला वाचून दाखवतं. त्या मशीनचा आवाज तिला नको तेवढा हुशार वाटतो. पडवळ आणि मी अजून डोंगरावर जातो, पण तो आता सकाळी लवकर निघायला लागला आहे आणि मला ते आवडत नाही. घाईनं चढून घाईनं उतरलं की मला काहीतरी न जेवता उठल्यासारखं वाटतं. टपरीवरही आम्ही आता उभ्या उभ्याच चहा पितो. कंपनीत तिच्या मशीनवर दुसरं कुणीतरी आहे. चांगला मुलगा आहे, पण तो स्क्रीनकडं बघून शॉक दमल्याचं सांगतो.

ती गेली त्या संध्याकाळी मी नाशिक फाट्यावर तिला सोडायला गेले होते. ट्रॅव्हल्सची बस उशिरा आली. उजेड उतरत चालला होता, पुलाखाली तर दिवे लागले होते, आणि तिला तेव्हा जवळपास काहीच दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. आईनं तिचा दंड धरला होता. बॅगा डिकीत गेल्या. चढताना पायरी तिनं पायानं चाचपली आणि वर गेली.

खिडकीशी तिची जागा होती. मी खाली उभी राहून हात हलवू लागले. ती बाहेरच बघत होती, नेमकी माझ्याकडं, पण चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिच्यासाठी तिथं नुसता काळोख होता आणि त्यात गाड्यांचे दिवे. मी हात हलवत राहिले. मग थांबवला. मागं हॉर्न वाजत होते, क्लीनर दार लावून घेत होता. मी पुढं झाले आणि तिच्या खिडकीखालच्या पत्र्यावर हाताच्या पंज्यानं थाप मारली. पुन्हा एकदा मारली.

तिची मान वळली. तिनं हात वर केला आणि उघडा तळवा काचेवर ठेवला. मी उभी होते तिथून थोडा पुढं, जरासा चुकलेला. बस हलली तेव्हाही तो तिथंच होता.